आमचा करार रेराच्या आधीचा आहे, मग?

नव्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. मी वकील नाही. एका सहकारी बँकेत तीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस गृहकर्जाच्या टेबलावर. बिल्डरांची डिमांड लेटरं वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला, आणि एवढं वाचूनही 2011 मध्ये मी स्वतः एका अर्धवट इमारतीत फ्लॅट बुक केलाच. त्यामुळे इथे जे लिहिते, त्यातलं निम्मं टेबलाच्या आतल्या बाजूला बसून कळलेलं आहे आणि निम्मं बाहेरच्या बाजूला उभं राहून.

या वेळची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीची आहेत. रेरा, म्हणजे घरं बांधून विकणाऱ्या बिल्डरांवर देखरेख ठेवणारा केंद्राचा कायदा, आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तो आपल्याला लागू होतो का, आणि झाला तर हातात काय पडतं, हे विचारलंय.

ताई, आमचा फ्लॅट डोंबिवलीत आहे. नोंदणीकृत करार मार्च 2013 चा, ताबा डिसेंबर 2015 ला द्यायचा होता. 2018 मध्ये बिल्डरनं ‘फर्निचर करून घ्या’ म्हणून किल्ल्या दिल्या. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, आजतागायत नाही, घरपट्टी-पाणीपट्टी जादा भरतोय. बिल्डर म्हणतो, रेरा 2017 चा, तुमचा करार 2013 चा, तुम्हाला तो लागूच नाही. सोसायटीतले एक काका म्हणतात, रेरा 2016 चा आहे. नक्की कधीचा, आणि आमचं काय?

तुमचे काकाही बरोबर आणि वर्षापुरता बिल्डरही बरोबर. चुकतोय तो ‘लागूच नाही’ इथे.

संसदेनं स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, मार्च 2016 मध्ये मंजूर केला, 25 मार्चला राष्ट्रपतींची सही झाली. पण तो सगळा एकदम लागू झाला नाही. 1 मे 2016 ला लागू झाली ती मुख्यतः यंत्रणा उभी करण्याची कलमं: प्राधिकरण नेमा, अपील न्यायाधिकरण नेमा, राज्यांनी नियम करा. ज्या कलमांच्या जोरावर ग्राहक बिल्डरला जाब विचारू शकतो ती, म्हणजे प्रकल्पाची नोंदणी सांगणारं कलम 3, बिल्डरच्या जबाबदाऱ्यांचं कलम 11, परताव्याचं आणि व्याजाचं कलम 18, वसुलीचं कलम 40 आणि दंडाची 59 पासूनची कलमं, ही 1 मे 2017 ला लागू झाली. मधलं वर्ष राज्यांना तयारीसाठी होतं. आपल्याकडे महारेरा, म्हणजे या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, मार्च 2017 मध्ये स्थापन झालं आणि नियम एप्रिल 2017 मध्ये आले, म्हणजे अगदी परीक्षेच्या आदल्या रात्री. कायदा लागू होण्याची तारीख दोन्ही वेळा महाराष्ट्र दिनाची, तेवढीच लक्षात ठेवायला सोपी.

(त्याआधी आपल्या राज्यानं स्वतःचा गृहनिर्माण कायदा 2012 मध्ये केला होता. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली 2014 मध्ये, आणि केंद्राचा रेरा आला तेव्हा त्याच्या कलम 92 नं तो रद्दच केला. पूर्ण अर्थानं अंमलात येण्याआधीच गेला बिचारा. 1963 चा मोफा, म्हणजे राज्याचा जुना फ्लॅट-मालकी कायदा, मात्र टिकून राहिला.)

आता तुमच्या बिल्डरचा मुद्दा. कायदा करार कधी झाला हे विचारत नाही. तो विचारतो, 1 मे 2017 ला इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला होता का? नसेल, तर तो ‘चालू प्रकल्प’. अशा प्रकल्पांना तीन महिन्यांत, म्हणजे 31 जुलै 2017 पर्यंत, नोंदणी करणं बंधनकारक होतं. बिल्डरांनी याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. डिसेंबर 2017 मध्ये न्यायालयानं कायदा वैध ठरवला आणि एक फार मोलाची गोष्ट सांगितली: उशीर मोजायचा तो मूळ करारातल्या तारखेपासून. रेराकडे नोंदणी करताना बिल्डरनं नवी, लांबची तारीख लिहिली असेल, ती त्याच्या प्रकल्पाची तारीख. तुमच्या कराराची नव्हे. नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही चालू प्रकल्पांना कायदा लागू आहे हे पक्कं केलं, आणि वेळेत ताबा नसेल तर परतावा मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे असंही म्हटलं.

तुम्हाला घर सोडायचं नाही, असं पत्रावरून दिसतं. मग परतावा नको, प्रत्येक महिन्याच्या उशिराचं व्याज मागा. आपल्या राज्याच्या नियमांत व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वांत वरचा एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधार व्याजदर) अधिक 2 टक्के. कागदावर करून बघा. तुम्ही 40 लाख भरले आणि दर साडेदहा टक्के धरला, तर वर्षाचे 4 लाख 20 हजार, महिन्याचे 35 हजार. हा आकडा बिल्डरला तोंडी सांगू नका, नोटिशीत लिहा. आणि 2018 च्या किल्ल्यांना ताबा मानू नका. भोगवटा प्रमाणपत्र आणून देणं ही कलम 11 खाली त्याची जबाबदारी आहे, आणि ते नसताना फर्निचरच्या नावाखाली दिलेल्या किल्ल्या ही पळवाट असते हे माझ्या टेबलावर मी अनेकदा पाहिलंय. ताबापत्रावर ‘कोणतीही तक्रार नाही’ अशी ओळ असते. त्यावर सही केलीत का, ते मात्र पत्रात लिहिलेलं नाही. केली असेल तरी घाबरू नका, पण वकिलाला आधी ते दाखवा.

जादा घरपट्टी-पाणीपट्टीसाठी दुसरा रस्ताही आहे. मुंबईतल्या एका सोसायटीचं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जानेवारी 2022 मध्ये निकाल लागला: भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती रोज चालू राहणारी चूक आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की, ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत उलटली म्हणून तुम्हाला दारातून परत पाठवता येत नाही. रेरा की ग्राहक आयोग, ही निवड ग्राहकाची, हे नोव्हेंबर 2020 च्या निकालानंतर स्पष्ट आहे. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे मात्र जाऊ नका.

आणि तुमच्या गावाचं नाव वाचलं म्हणून सांगते. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी खोटी परवानगीपत्रं जोडून रेराचे नंबर मिळवले होते, हे आता न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण आहे. तुमची इमारत त्यातली असेल असं मी म्हणत नाही. पण तक्रार करण्याआधी माहिती अधिकारात महापालिकेला एक अर्ज करा: आमच्या इमारतीचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र तुम्ही दिलेलं आहे का, किती मजल्यांचं, कोणत्या तारखेचं? भोगवटा का अडलाय, याचं खरं कारण बहुतेक वेळा त्याच उत्तरात सापडतं. आमच्या इमारतीत परवानगी सात मजल्यांची होती आणि लिफ्टला बटणं आठ होती.

62 लाखांच्या फ्लॅटसाठी बिल्डरनं 9 लाख घेतले, पावती दिली, करार तीन महिन्यांनी करू म्हणतो. चालतं का?

नाही. कलम 13 नुसार किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही. तुमच्या बाबतीत 6 लाख 20 हजार. वरचे पैसे त्यानं घेतले तेव्हाच त्यानं कायदा मोडला. त्याला लेखी कळवा की करार नोंदवल्याशिवाय पुढचा रुपया मिळणार नाही, आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर तपासा. 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंतच फ्लॅट असतील तर नोंदणी लागत नाही, असे छोटे प्रकल्प बाजारात पुष्कळ आहेत आणि तिथे जास्त सावध राहावं लागतं. पावतीवर ‘बुकिंग रद्द केल्यास रक्कम जप्त’ असं बारीक अक्षरात आहे का, तेही बघा.

आम्ही सांगली जिल्ह्यात वडिलांच्या प्लॉटवर घर बांधतोय. ठेकेदाराला मालासकट चौरस फुटाच्या दरानं काम दिलं, लिखापढी काही नाही. 14 लाख गेले. स्लॅब पडून सहा महिने झाले, खालून गंजाचे डाग दिसतात, भिंतीला चिरा आहेत आणि ठेकेदार फोन उचलत नाही. रेराकडे तक्रार करायची आहे.

रेराकडे जाऊ नका, ते तुमचं काम नाही. रेरा हा बांधून विकणाऱ्यासाठी आहे. तुमची जमीन, तुमचं घर, ठेकेदार फक्त बांधून देणारा. इथे विक्री नाही, म्हणून रेरा नाही. गावाकडे, तालुक्याच्या गावांत अशीच घरं जास्त बांधली जातात आणि त्यांच्याबद्दल पेपरात सगळ्यात कमी छापून येतं.

पण तुम्ही उघड्यावर नाही. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात घरबांधणी ही ‘सेवा’ आहे असं सांगितलं आणि त्याच वर्षी ग्राहक कायद्याच्या व्याख्येत घरबांधणीचा समावेश झाला. 20 जुलै 2020 पासून जो नवा, 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे, त्याच्या व्याख्येतही ती आहे. ठेकेदार म्हणजे सेवा देणारा, तुम्ही ग्राहक. जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तीही तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात. ठेकेदार कुठल्या गावचा हे बघायची गरज नाही. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. फी मोबदल्यावर ठरते. 5 लाखांपर्यंत काहीच नाही, तुमच्या 14 लाखांना 400 रुपये.

लिखापढी नाही म्हणून रडत बसू नका, पण पुरावा गोळा करा. पैसे कसे दिले? बँकेतून, यूपीआयवरून दिले असतील तर उतारा काढून त्या नोंदींवर खूण करा. ‘दादा, उद्या स्लॅब आहे, दोन लाख टाका’ असा व्हॉट्सअॅप संदेश असेल तर तोच तुमचा करार समजा. तो पुसू नका, फोन बदलला तरी जपा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्लॅब दुरुस्त करून घेऊ नका. माणूस घाबरून दुसऱ्या मिस्त्रीला बोलावतो, तो खालून गिलावा मारून देतो, आणि पुरावा गिलाव्याखाली जातो. आधी एखाद्या स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरकडून लेखी अहवाल, तारखेसह फोटो, मग ठेकेदाराला नोटीस, मग तक्रार, मग दुरुस्ती. पावसाळा तोंडावर असेल तर वरून ताडपत्री टाका.

गंजाच्या डागांबद्दल. आमच्या बँकेचे व्हॅल्युअर साहेब हप्ता सोडण्याआधी साइटवर जायचे आणि कधीकधी मला बरोबर न्यायचे. एकदा एका स्लॅबखाली उभे राहून त्यांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तपकिरी रेघेवर नुसता टेकवला. सिमेंटची पापडी खाली पडली आणि मागे सळई, उघडी. म्हणाले, ‘बाई, कव्हर ब्लॉक नाहीत.’ सळई सेंटरिंगच्या प्लेटवर टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात; एक ठोकळा म्हणजे किरकोळ खर्च, पण ते ठेवायला वेळ लागतो. ठेवले नाहीत की सळई तळाशी बसते, तिच्याखाली काँक्रीट उरत नाही, हवा-पाणी लागतं, गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि आहे तेवढी पापडीही ढकलून देते. तुमचे डाग सळयांच्या रेषेत, सारख्या अंतरावर असतील तर हेच झालेलं असण्याची शक्यता मोठी. इंजिनिअरना अहवालात हे अंतर मोजून लिहायला सांगा. ‘काम निकृष्ट आहे’ असं मोघम वाक्य आयोगापुढे टिकत नाही. ‘अमुक ठिकाणी कव्हर इतके मिलिमीटर’ हे टिकतं.

उरलेलं काम दुसऱ्याला द्याल तेव्हा एक साधा कागद करा. दर कोणत्या क्षेत्रावर, बांधीव की कार्पेट. जिना, पोर्च, टाकी त्यात धरली की वेगळी (भांडणं नव्वद टक्के इथेच होतात, असा माझा आपला अंदाज). काँक्रीट कुठल्या ग्रेडचं. सळई कुठल्या दर्जाची. हप्ते कोणत्या टप्प्यावर. स्लॅबच्या दिवशी 15 सेंटिमीटरचे क्यूब भरून ठेवायचे आणि 7 व 28 दिवसांनी तपासून घ्यायचे, हेही लिहा. एम-20 ग्रेडचं काँक्रीट म्हणजे 28 दिवसांनी 20 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद हवी. तो अहवाल आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. शेवटी थोडी रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा. ठेकेदार कुरकुरतील. चांगला ठेकेदार कमी कुरकुरतो.

ताबा मिळून चार वर्षं झाली, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते. बिल्डर ‘एक वर्षाची गॅरंटी होती’ म्हणतो.

एक वर्ष त्याच्या पत्रकातलं. कलम 14 मध्ये ताब्यापासून पाच वर्षं आहेत, आणि ती फक्त खांब-तुळयांपुरती नाहीत, कामाच्या दर्जातल्या दोषालाही आहेत. कळवल्यापासून 30 दिवसांत फुकट दुरुस्ती, नाही तर भरपाई. (मोफात ही मुदत तीन वर्षांची होती.) तुमच्याकडे एकच वर्ष उरलंय, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकणं थांबवा, ते बिल्डरला कळवणं होत नाही. स्पीड पोस्टानं पत्र आणि ई-मेल, दोन्ही. मधल्या काळात तुम्ही बाथरूमच्या फरशा बदलल्यात का? बदलल्या असतील तर तो लगेच तिकडे बोट दाखवणार. मग फरशा बदलण्याआधीही ओल होती याचा काही पुरावा, जुना फोटो, जुना संदेश, शोधून ठेवा.

आमची सोसायटी 1998 ची, बिल्डरनं जमीन नावावर करून दिलेली नाही आणि आता तो वारला. मुलं दाद देत नाहीत.

मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेअन्स. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे मोफाच्या कलम 11 खाली अर्ज. मुलांची सही लागत नाही, म्हणून तर ‘मानीव’. यावर पुढे कधी सविस्तर लिहीन, कागदपत्रांची यादी लांब आहे.

ताई, तुमचाही अनुभव असल्याचं वाचलं म्हणून लिहिते. वसईतल्या प्रकल्पात पैसे परत मिळावेत असा आदेश महारेराकडून 2022 मध्ये मिळाला. बिल्डरनं दिले नाहीत. 2023 मध्ये वसुली वॉरंट निघालं. त्यानंतर काहीही नाही. यजमान म्हणतात, कायदा फक्त कागदावर असतो, सोडून दे. सोडून द्यावं का?

तुमचे यजमान दमलेत, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण सोडू नका.

माझी हकीकत सांगते. करार 2012 चा, ताबा डिसेंबर 2014 ला मिळायचा होता. मी ऑक्टोबर 2017 मध्ये तक्रार केली, एप्रिल 2018 मध्ये आदेश आला: मूळ रक्कम व्याजासह 30 दिवसांत परत. एकतिसाव्या दिवशी मी पासबुक मशीनमध्ये घातलं. इतकी वर्षं लोकांची पासबुकं भरून दिली होती, त्या दिवशी स्वतःचं परत काढताना हात थरथरला. आत काही नव्हतं, सेव्हिंगचं व्याज सोडून.

मग आदेश पाळला नाही म्हणून पुन्हा अर्ज, आणि डिसेंबर 2018 मध्ये वसुली वॉरंट. तेव्हा मला वाटलं, संपलं. खरी सुरुवात तिथे होते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

काय होतं ते नीट समजून घ्या. महारेराकडे स्वतःची वसुलीची माणसं नाहीत. कलम 40 म्हणतं, ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावी. म्हणजे वॉरंट जातं जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे, तिथून तलाठ्यापर्यंत. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे मागणीची नोटीस, मग जप्ती, मग लिलाव. अधिकार भरपूर आहेत. पण त्याच तहसीलदारांकडे निवडणुका आहेत, पंचनामे आहेत, दाखले आहेत, आणि तुमचं वॉरंट त्या सगळ्यांच्या खाली आहे.

चार महिने वाट बघून मी जिल्हाधिकारी कार्यालयात गेले. आवक नोंदवहीत माझं वॉरंट होतं. ‘तहसीलला पाठवलं’ म्हणाले. तहसीलमध्ये ‘आलंच नाही’. दोन खेपांनंतर उलगडा झाला: वॉरंटवर पत्ता बिल्डरच्या नोंदणीकृत कार्यालयाचा होता, ते दुसऱ्या तालुक्यात, म्हणून कागद तिकडे गेला होता. तिथे तो लाल दोरीच्या गठ्ठ्यात सापडला. अव्वल कारकून वाईट नव्हते. त्यांनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाले, ‘बाई, यात रक्कम आहे, नाव आहे. जप्त काय करू? या ऑफिसात दोन टेबलं आणि एक पंखा आहे.’

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग मी जे केलं ते तुम्हीही करा. महारेराच्या संकेतस्थळावर त्या बिल्डरच्या सगळ्या प्रकल्पांची पानं उघडली. किती फ्लॅट बुक झाले ही माहिती त्याला दर तीन महिन्यांनी भरावी लागते. न विकलेले वाटले त्या प्रत्येक फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधला. ज्याचा इंडेक्स टू नाही, तो अजून बिल्डरचाच असण्याची शक्यता. असे दोन पक्के सापडले. जमिनीचा सातबारा काढला. सगळं एका पानावर: मालमत्ता, पत्ता, कोणत्या तलाठ्याच्या हद्दीत, सोबत पुरावा. प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यावर, म्हणजे ज्यात ग्राहकांचे 70 टक्के पैसे ठेवावे लागतात त्यावर, डोळा ठेवू नका. ते पैसे इतर ग्राहकांच्या बांधकामाचे. विकायला ठेवलेले फ्लॅट शोधा.

पान दिल्यावर तीन आठवड्यांनी तलाठी आणि कोतवाल साइटवर गेले आणि जप्तीची नोटीस सॅम्पल फ्लॅटच्या दारावर डकवून आले. तोरणाच्या अगदी खाली. त्या दिवशी रविवारच्या बुकिंगसाठी माणसं येणार होती म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला मला बिल्डरचा फोन आला, सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडून. तीन चेकमध्ये पैसे दिले. दुसरा परत गेला, तो पुन्हा भरायला लावला. शेवटचा जमा झाला फेब्रुवारी 2020 मध्ये.

तुमच्यासाठी आणखी तीन गोष्टी तपासायच्या. एक, बिल्डरनं अपील केलंय का? केलं असेल तर कलम 43 नुसार त्याला ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम व्याजासह आधी न्यायाधिकरणात भरावी लागते. न भरता ‘अपील चालू आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन, कंपनी दिवाळखोरीत गेली आहे का? तशी कारवाई सुरू असेल तर वसुली थांबते, आणि तुम्हाला तिथल्या अधिकाऱ्याकडे घर खरेदीदारांसाठीचा फॉर्म सीए भरून दावा सांगावा लागतो. 2018 पासून घर घेणाऱ्यांना दिवाळखोरीच्या कायद्यात वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखे पैसे देणारे, मानतात. याला मुदत असते, म्हणून हे आजच बघा. तीन, आदेश न पाळल्याबद्दल कलम 63 खाली रोजचा दंड लावा असा अर्ज करता येतो. तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात येत नाही, पण बिल्डरच्या खात्यातून जातो.

ग्राहक आयोगाचा आदेश मोडला तर तुरुंगवासाची तरतूद आहे, एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत, म्हणून ‘तिकडेच गेले असते तर बरं झालं असतं’ असं काही जण म्हणतात. मीही एकेकाळी म्हणत होते. तिथल्या तारखा पाहिल्यावर म्हणणं सोडलं.

तुम्ही पत्रात वॉरंटची तारीख लिहिलीत, पण जिल्हाधिकारी कार्यालयाचा आवक क्रमांक आणि तहसीलकडे पाठवल्याचा जावक क्रमांक लिहिला नाहीत, म्हणजे बहुधा तुमच्याकडे तो नाही. सोमवारी तेवढ्यासाठीच जा. शनिवार-रविवारी इंडेक्स टू शोधून ठेवा, पान तयार ठेवा, त्याच्या दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर शिक्का घेऊन या. मग मला पुन्हा लिहा.